जेसीबी, रानडुक्कर आणि अक्काताई मगदूम

अक्काताई मगदूम पहिल्या दिवशी वर्गात शिरली आणि आम्ही सगळे उठून उभे राहिलो. फिकट हिरवी साडी, खांद्याला पर्स, हातात पाण्याची बाटली, भांगाजवळ पिकलेले केस. वनस्पतिशास्त्राच्या मॅडम म्हटल्यावर आणखी कशा असणार? मी तर मोठ्यानं 'गुड मॉर्निंग मॅडम' म्हणूनही टाकलं. बाईंनी मागं वळून बघितलं. मागं कुणीच नव्हतं.

"बसा की," त्या म्हणाल्या. "आनि मला बी जरा सरकून जागा द्या. खिडकीकडची असली तर लई बरं."

आणि माझ्या शेजारी येऊन बसल्या.

माझ्या पलीकडं क्रांती होती. राधानगरीकडची पोरगी, होस्टेलवर राहते, पोटात काही ठेवत नाही. तिनं वाकून विचारलं, "तुमी शिकायला आलायसा?"

"व्हय. फी भरलीया की."

"मग तुमाला काय म्हणायचं?"

"नाव अक्काताई हाय. त्यातलं काय झेपंल ते म्हणा. आनि अहो-जाहो नको, बाई. बारावी होऊन लई वर्सं झाली, ह्या वर्गात सगळ्यात कच्ची मीच हाय."

बारावीनंतर थेट विद्यापीठात शिरायचं आणि पाच वर्षांनी एम.एस्सी. होऊन बाहेर पडायचं, असा आमचा कोर्स. वर्ग सगळा अठरा-एकोणीसचा, अक्का पंचेचाळिशीची. शिरोळकडच्या गावात तिनं बारावी सायन्स केलं, मार्क चांगले पडले, आणि त्याच उन्हाळ्यात स्थळही चांगलं आलं. मग कोल्हापुरात संसार, लक्ष्मीपुरीत नवऱ्याचं खतं-औषधांचं दुकान, एक मुलगा. मुलगा अरिहंत नोकरीला बेंगळुरात गेला आणि अक्कानं ट्रंकेच्या तळातून बारावीचं मार्कलिस्ट वर काढलं.

तिचे मालक दादासो तिला स्कूटरवर सोडायला यायचे. बुटके, पोट पुढं, आवाज बाजार समितीतल्या सौद्यासारखा. गेटवरच सगळ्यांच्या देखत त्यांनी अट जाहीर केली होती. "यंदा पास झालीस तर पुढचं बघू. नापास झालीस तर गप दुकानात काउंटरला बसायचं. व्हय का न्हाय?"

"व्हय," अक्का म्हणाली. "पास झालो तर तुमी सोडायला येत जायचं. पाचही वर्सं."

(आमच्याकडं बायका-पोरीही 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात. बाहेरची माणसं दचकतात. त्यांनी दचकावं.)

कॅन्टीनमध्ये तिसऱ्या चहाला मी तिला विचारलं, की अक्का, वनस्पतिशास्त्रच का? चहा ही तिची एकमेव चैन. कप दोन्ही हातांनी धरायची, जणू पाहुण्यांचं बाळ धरलंय.

"आमच्या जैनांत ल्हानपणापासनं सांगत्यात, खाली बघून चाल, पायाखाली जीव येतोय. म्हणून मी जन्मभर खाली बघूनच चाललो. खाली बघितलं की मुंगी एकदा दिसती, झाडपाला शंभरदा दिसतोय. एवढी वर्सं ज्यांच्यावर पाय पडू दिला न्हाय, त्यांची नावं तरी म्हायती असावीत की न्हाय?"

वर्गात मात्र तिचे हाल होते. पेशीविज्ञानाच्या पहिल्या चाचणीत तिला माझ्यापेक्षा कमी मार्क पडले, आणि माझ्यापेक्षा कमी पडायला कष्ट लागतात. लॅटिन नाव समोर आलं की ती आधी देवाचं नाव घ्यायची. पण वर्गाबाहेर माळावर नेलं की तिचं तोंड फुलायचं. तिची खरी परीक्षाही तिथंच सुरू झाली.

आम्हाला वर्गीकरण शिकवायला विजयसिंह सर होते. उंच, सडपातळ, कानावर खडू. अक्कापेक्षा सात-आठ वर्षांनी लहान असतील. हजेरी घेताना ते तिच्या नावापाशी नेहमी अडखळायचे. नावातच अक्का आणि ताई दोन्ही, मग त्या माणसाला रागवायचं कसं? सरांची बोलण्याची एक लकब होती. वाक्याचे तुकडे करून ते एकेक तुकडा आमच्यापुढं ठेवायचे आणि 'बरोबर?' म्हणून विचारायचे. चूक म्हणायची मुभा नव्हती.

जुलैच्या एका ढगाळ सकाळी सरांनी आम्हाला विद्यापीठाच्या माळावर नेलं. प्रत्येकाच्या हातात खुरपं, प्लॅस्टिकची पिशवी, जुने पेपर.

"हर्बेरियम म्हणजे... वनस्पतींचा संग्रह. बरोबर? वनस्पती आणायची... मुळासकट. पेपरात दाबायची, वाळवायची, कागदावर चिकटवायची. डिसेंबरच्या परीक्षेला वीस नमुने. त्यात एक तरी... कंद असलेली. बरोबर? मूळ नसलेला नमुना म्हणजे... आधार कार्ड नसलेला माणूस. बरोबर? ज्याचं हर्बेरियम नाही, तो प्रॅक्टिकलमध्ये... नापास. बरोबर? चला, उपटा."

सगळे वाकले. अक्का खुरपं पाठीमागं धरून उभीच.

"अक्काताई, तुम्ही... उपटत नाही?"

"न्हाय सर. मला उपटायचं न्हाय."

"कंबर दुखते का?"

"आता न्हाय दुखत. तवा दुखायची."

सरांना काही कळलं नाही. आम्हालाही नाही. मग अक्कानं तिथंच, माळावर, सगळा वर्ग वाकलेला असताना सांगून टाकलं. ती पंधरा-सोळाची असताना गावात जैन मुनी महाराज चातुर्मासाला राहिले होते. गावातल्या पोरी त्यांच्याकडं नेम घ्यायला गेल्या. कुणी बटाटा सोडला, कुणी रात्रीचं जेवण सोडलं.

"आनि दुसऱ्या दिवशी आमच्या उसात भांगलण हुती. सकाळपासनं दिवस मावळंपर्यंत वाकून तण काढायचं. माझा नंबर आला तसं मी म्हटलं, महाराज, मी झाडझुडूप मुळासनं उपटणार न्हाय. महाराज हसले. म्हणाले, किती दिवस? मी म्हटलं, जन्मभर. आई, आमची अव्वा, मग मला लई दिवस बोलली न्हाय बघा."

वाकलेला सगळा वर्ग वाकलेल्या अवस्थेतच हसला. सर मात्र अडचणीत आले.

"पण अक्काताई... तो नेम तुम्ही आळसानं घेतला. बरोबर?"

"अगदी बरोबर, सर. पण आळसानं घेतला म्हणून आळसानं मोडायचा का?"

सरांनी कानावरचा खडू काढला, बघितला, परत कानावर ठेवला. "नियम... सगळ्यांना सारखा," एवढंच म्हणाले आणि पुढं गेले.

"एवढंच ना," क्रांती म्हणाली. "मी उपटून देतो की तुला."

"माझ्यासाठी तू उपटलीस तर ते मीच उपटल्यागत. आपण करायचं न्हाय, दुसऱ्याकडनं करवून घ्यायचं न्हाय, आनि कुणी आपल्या मनानं केलं तर बरं झालं म्हणायचं न्हाय. तिन्हीचं पाप सारखंच धरत्यात आमच्यात."

"बरं झालं असं म्हणायचं बी न्हाय?"

"मनात बी न्हाय."

"मनात कोण बघतंय, अक्का?"

"मीच की."

क्रांतीनं हातातलं रोप झटकून माती उडवली आणि माझ्याकडं बघितलं. ही बाई डिसेंबरात लक्ष्मीपुरीच्या काउंटरला बसणार, हे आम्हाला दोघींनाही दिसायला लागलं होतं.

दादासोंना तर हे लग्नापासून दिसत होतं. "आमच्या दुकानात तण मारायचं औषध, आनि घरात तणावर दया," ते गेटवर म्हणाले. "गिऱ्हाईकाला काय सांगू? बायको नगं म्हणती म्हणून?"

"तुमचं तुमच्यापाशी, माझं माझ्यापाशी," अक्का स्कूटरवर बसत म्हणाली. "चला आता, दूधवाला येऊन जाईल."

यातून वाट निघाली ती आमच्या घरच्या जेवणात. माझा मोठा भाऊ कामिल जेसीबी चालवतो. अब्बा शमशुद्दीन मुजावर मंडपवाले. कामिलला मंडपाचे बांबू रोवण्यापेक्षा काहीतरी उकरण्यात जास्त रस. तर कामिल भात कालवता कालवता म्हणाला, की उद्या कळंब्याकडं एका प्लॉटची झुडपं काढून सपाट करायचंय. मी दुसऱ्या दिवशी अक्काच्या कानावर घातलं. विनंती नाही, सूचना नाही, नुसती बातमी.

अक्का म्हणाली, "ती माझ्यासाठी काढत न्हाईत न्हवं?"

"तुझं नाव बी म्हायती न्हाय त्यांना."

"मग पडलेलं उचलाय काय हरकत न्हाय."

तर दुपारी आम्ही तिघी कळंब्याला. पाऊस भुरभुरत होता. कामिल जेसीबीत, समोर तरवड, टाकळा, दुधी, काय काय माजलेलं. अक्का छत्री घेऊन बांधावर उभी. बकेट जमिनीत शिरलं, मातीचा अख्खा गड्डा रोपांसकट वर आला आणि बाजूला पडला. आम्ही दोघी 'आलं, आलं' म्हणून नाचलो. अक्काचं तोंड मात्र अमावास्येच्या दिवशी दुकानाचं शटर असतं तसं. हसू येतंय असं वाटलं की ती लगेच पलीकडच्या कळंबा तळ्याकडं बघायची.

कामिलनं इंजिन बंद केलं आणि मला आमच्या घरच्या बोलीत विचारलं, "ये अक्का हँसती कायकू नै? मैं कुच गलत खोद्या क्या?"

"ती हसली तर तिला पाप लागतंय."

"आनि मला?"

"तुला रोजगार मिळतोय."

अक्का खाली उतरली. गड्ड्यापाशी बसून तिनं आधी हात जोडले, मग गड्डा अलगद बादलीत ठेवला आणि घरी नेऊन रात्रभर पाण्यात भिजवला. सकाळी माती आपोआप सुटली. तिनं ती रोपं पेपरात दाबली, वर पाटा ठेवला, रोज पेपर बदलले.

तिथून पुढं तिचा हा धंदाच झाला. कळंब्याच्या तळ्याकडच्या उसात बायका भांगलण करत असल्या की ती बांधावर जाऊन बसायची.

"काय वो पावणं, काय हरवलंय?" बायका ओरडून विचारायच्या.

"काय न्हाय. तुमी टाकलेलं तण न्यायला आलोय."

"सगळं न्या की. वर चा बी पाजतो."

"पण माझ्यासाठी म्हणून एक बी काढायचं न्हाय हं."

"तुमच्यासाठी कोण काढतंय? मालक बोंबलतोय म्हणून काढतोय."

या उत्तरावर अक्का समाधानानं मान डोलवायची. पावसानं दरड सरकली, तिथंही ती हजर. गणपतीच्या मांडवासाठी अब्बांच्या माणसांनी खड्डे घेतले, तिथंही हजर. गणपती उठेपर्यंत तिचे एकोणीस नमुने झाले. कंद असलेला मात्र एकही नाही.

आणि तेवढ्यात सरांनी तिचे कागद बघायला मागितले.

हर्बेरियमच्या प्रत्येक कागदाला खाली उजव्या कोपऱ्यात चिठ्ठी असते. वनस्पतीचं नाव, कुळ, ठिकाण, तारीख, आणि कुणी गोळा केली त्याचं नाव. आम्ही तिथं डोळे झाकून आपापलं नाव लिहितो. सरांनी अक्काचा पहिला कागद उचलला आणि वाचलं. मग दुसरा. मग तिसरा. मग खुर्ची ओढून बसले.

"कामिल शमशुद्दीन मुजावर, जेसीबी. बरोबर?"

"व्हय सर."

"भांगलणीच्या बायका, कळंबा. बरोबर?"

"त्यांची नावं सांगीनात त्या. लाजत हुत्या."

"आणि हे... पाऊस?"

"दरड पडली, सर. त्यात कुणाचा हात न्हाय."

सरांनी चष्मा काढला. "अक्काताई... विद्यार्थ्यानं स्वतः गोळा केलेला नमुना लागतो. तुम्ही इथं तुमचं नाव लिहा. मी सही करतो. विषय... संपला. बरोबर?"

"उपटलं त्यांनी आनि नाव माझं? मग उपटल्याचं आनि खोटं बोलल्याचं, दोन्ही माझ्याच डोक्यावर, सर."

"मग मी सही... करू शकत नाही. बाहेरून परीक्षक मॅडम येतील. त्या काय ते ठरवतील. पण त्या पहिल्यांदा... कंदच मागतील. बरोबर?"

सरांचा आवाज मी हुबेहूब काढते, पण त्या दिवशी त्यांचं ते शेवटचं 'बरोबर' मला अजून काढता येत नाही. त्यात अक्काबद्दल काळजी होती आणि काळजी सरांच्या आवाजाला शोभत नाही.

कंदावर सगळ्यांनी उपाय सुचवले. दादासो म्हणाले, "बाजारातनं एक कांदा आन की. दुसऱ्यानंच उपटलेला असतोय."

"आपल्या घरात कांदा आनू? आनि सरांना रानातलं पायजे, बाजारातलं न्हाय."

"मग आलं दाखीव, सुंठ दाखीव."

"तुमी गिऱ्हाईक बघा."

कामिलनं सुचवलं काहीच नाही, थेट करून टाकलं. आमच्या घरी अक्काच्या कंदाची चर्चा त्यानं ऐकली होती. एके संध्याकाळी तो मला घेऊन अक्काच्या घरी गेला आणि जेवणाच्या फडक्यातून कळलावीचा वेल काढून ओट्यावर ठेवला. लाल-पिवळी फुलं ज्योतीसारखी वर वळलेली, खाली नांगराच्या फाळासारखा कंद, सबंध. अक्काचे डोळे असे चमकले की मला वाटलं, जमलं.

"कुठनं रे आनलास, कामिल?"

"कामावरनं."

"कामाच्या रेषेत हुता का?"

कामिलनं माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं.

"जरा... कुंपणाकडं हुता."

"म्हणजे तुला तिथं खणायचं नव्हतं."

"अक्का, एकच बकेट टाकलं. ते बी हळू."

"व्हय रे बाळा. लई मायेनं आनलंस, ती माया ठेवून घेतो. वेल मात्र परत लावतो." आणि तिनं तो खरंच त्याच रात्री परसात लावला. कामिल परतताना घराजवळ आल्यावर म्हणाला, "बाई लई अवघड हाय." मग थोड्या वेळानं, "पन मला बाळा म्हणाली." त्यानंतर तो कुठंही काही उकरायचा तेव्हा मला फोन करून सांगायचा, 'अक्काला सांग, रेषेतलं हाय, शप्पत.' पण त्याच्या रेषेत पुन्हा कंद काही आला नाही.

कळलावीच्या त्या रात्रीनंतर अक्का पहिल्यांदा खचलेली दिसली. कॅन्टीनमध्ये चहा गार झाला तरी तिनं कप उचलला नाही. "मुस्कान," मला म्हणाली, "काउंटरला बसायचं काय वाईट न्हाय. पण तिथं वर बघून बसाय लागतंय."

मी गार झालेला चहा बाजूला सरकवला. क्रांती म्हणाली, "रविवारी आमच्या घरी चल. हवा बदल हुईल. आनि कंद-फिंद मनातनं काढून टाक."

क्रांतीचं घर राधानगरीच्या पुढं, जंगलाला लागून. अभयारण्यातलं पानही हलवायचं नाही, हे सरांनी आम्हाला बजावलेलं. पण क्रांतीचं शेत हद्दीच्या अलीकडं, घरचं. आम्ही पोचलो तेव्हा तिचे वडील बांधावर उभं राहून शिव्या देत होते. शिव्या इतक्या सफाईच्या होत्या की मी मनातल्या मनात पाठ करून घेतल्या.

"काय झालं, आबा?"

"काय व्हायचं. रानडुकरं. आख्खी रात धुडगूस. भात तुडीवलं, बांध फोडला, खाली काय गावलं ते खाऊन गेली. या, पावणं या. बघा आमची दशा."

बांधाला मोठा खड्डा पडला होता. कडेच्या झाडावर चढलेला एक वेल मुळासकट उखडून आडवा लोंबत होता. हाताच्या बोटांसारखी पाच-पाच पानं एकत्र, बारीक फुलांचे तुरे, आणि वेलाच्या बुडाला कंद. अर्धा कंद. उरलेल्या अर्ध्याच्या जागी दातांच्या खुणा.

"चाईचा वेल," क्रांती म्हणाली. "ह्याच्या फुलांची भाजी करतोय आमी. कंदासाठी डुकरं वेडी हुत्यात."

अक्कानं खड्डा बघितला, वेल बघितला, अर्धा कंद बघितला, आणि खो-खो हसायला लागली. पदर तोंडावर धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. क्रांतीचे वडील बघतच राहिले. त्यांच्या भाताचं वाटोळं झालेलं, आणि पाहुणी हसते.

मग ती एकदम थांबली आणि बांधावर खाली बसली.

"काय गं?" क्रांतीनं विचारलं.

"मला आनंद झाला."

"मग हुंदे की."

"डुकरानं उपटलं म्हणून आनंद झाला. तुझ्या आबांचं एवढं नुकसान झालं त्यात मला बरं वाटलं." तिनं क्रांतीच्या वडिलांपुढं हात जोडले. "चुकलं, दादा."

"आता चुकलं कुनाचं," ते म्हणाले, "डुकराचं की तुमचं? उठा. चा घ्या, म्हशीचं घट्ट दूध हाय."

अक्का उठली. वेल फडक्यात गुंडाळला. आणि म्हणाली, "चा नको. परीक्षा हुईपर्यंत चा बंद. हसलो त्याची शिक्षा."

राधानगरीत दारात आलेल्या पाहुण्यानं चहा नाकारायचा म्हणजे भांडण काढायचं. क्रांतीच्या आईनं दूध दिलं, वर दही दिलं, जाताना ताक बांधून दिलं; अक्कानं सगळं घेतलं, चहा सोडून. पुढचे सगळे आठवडे कॅन्टीनमध्ये ती आमच्या कपांची वाफ हुंगत कोमट पाणी प्यायली. तेवढं एक बघवत नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी बाहेरून प्रियदर्शनी मॅडम आल्या. बारीक अंगाच्या, बारीक आवाजाच्या, आणि प्रत्येक उत्तरावर 'असं का बरं?' म्हणणाऱ्या. तेही इतक्या गोड की माणूस स्वतःहून सगळं कबूल करतो. लांब टेबलावर आमची सगळ्यांची हर्बेरियम मांडलेली. विजयसिंह सर भिंतीला टेकून, कानावर खडू, तोंडावर काही नाही.

माझ्यापासून सुरुवात झाली. मॅडमनी माझ्या टाकळ्यावर बोट ठेवलं.

"मुळाचं टोक कुठे आहे?"

"जमिनीत, मॅडम."

"असं का बरं?"

"उपटताना तुटलं."

त्यांनी दुसरा कागद बघितला. तिथंही तुटलेलं. क्रांतीची वीसही रोपं बुडाशी शेपटी तुटलेल्या पालीसारखी. सगळ्या वर्गाची तीच तऱ्हा, कारण आम्ही खुरप्यानं दोन टोचे मारायचो आणि हिसका द्यायचो. मॅडम 'असं का बरं, असं का बरं' करत टेबलाच्या टोकाला अक्कापाशी आल्या आणि तिथं बोलायच्या थांबल्या.

अक्काच्या कागदांवर मुळं संपतच नव्हती. टाकळ्याचं सोटमूळ कागदाच्या खालच्या कडेपर्यंत जाऊन वळून पुन्हा वर आलं होतं, केसांसारख्या तंतूंसकट. जेसीबीनं मातीचा गड्डा उचललेला, रात्रभर पाण्यात सोडवलेला. तुटायला वावच नव्हता. ज्या बाईनं आयुष्यभर काही उपटलं नाही, तिच्याकडं सगळ्यात पुरी मुळं होती.

मॅडमनी बोट मुळावरून शेवटच्या टोकापर्यंत नेलं. मग खालची चिठ्ठी वाचली. सर भिंतीपासून सुटले.

"कामिल शमशुद्दीन मुजावर, जेसीबी. असं का बरं?"

अक्कानं सगळं सांगितलं. नेम, भांगलण, अव्वा, करायचं न्हाय, करवायचं न्हाय, बरं म्हणायचं न्हाय. काही लपवलं नाही, आळसही नाही. मॅडम ऐकत ऐकत कागद उलटत गेल्या आणि शेवटच्या कागदापाशी आल्या. चाईचा वेल, बुडाशी अर्धा कंद, खाली चिठ्ठी: रानडुक्कर, राधानगरी.

"कंद अर्धाच आहे."

"व्हय मॅडम."

"उरलेला?"

"डुकराच्या पोटात."

"असं का बरं?"

"त्याला नेम न्हाय, मॅडम."

मागून कुणीतरी फुटलं. मी नव्हते; मी ओठ चावून धरले होते. मॅडमनी चेहरा तसाच ठेवला, फक्त पेन दोनदा टेबलावर आपटलं.

"आणखी काही सांगायचंय?"

"एकच. हा खड्डा बघून मी हसलो. तेवढं चुकलं. त्याची शिक्षा घेतलीया, पण तुमाला म्हायती असावं."

मॅडमनी तो कागद गठ्ठ्याच्या वर ठेवला. मग सरांकडं वळून म्हणाल्या, "सर, नमुना कुठून आणि कसा आला ते चिठ्ठीवर खरं लिहिलेलं असावं, एवढंच मला हवं असतं. बहुतेक ठिकाणी ते नसतं. या सगळ्यांवर सही करा. या कंदाचे मात्र मी मार्क कापणार. नमुना अपुरा आहे, आणि डुकराचं कारण चालत नाही."

"कापा की," अक्का म्हणाली. "त्याच्या वाटणीचं कापलंच पायजे."

सरांनी खिशातून पेन काढलं. एकेका चिठ्ठीवर सही केली आणि शेवटच्या सहीनंतर हळूच म्हणाले, "बरोबर."

मूळ तुटल्याबद्दल आम्हा बाकी सगळ्यांचे मार्क गेले. अक्का पास झाली, तीही माझ्यापेक्षा जास्त मार्कांनी. चाईचा तो कागद पुढं विभागाच्या कपाटात गेला, दातांच्या खुणांसकट, आणि सर नव्या पोरांना तो दाखवतात. दादासोंना मी गेटवर निकाल सांगितला तेव्हा त्यांनी स्कूटरचं स्टँड लावलं, उतरले, आणि एवढंच म्हणाले, "म्हणजे आता पाच वर्सं पेट्रोल माझं."

पण ते सगळं नंतर. परीक्षेच्या दिवशी टेबल आवरून आम्ही तिघी थेट कॅन्टीनमध्ये गेलो. क्रांतीनं तीन चहा सांगितले. अक्कानं कप दोन्ही हातांनी धरला, डोळे मिटले, नाकानं वाफ घेतली. मी तेवढ्यात मॅडमच्या आवाजात म्हटलं, "असं का बरं?" तिला ठसका लागला, चहा बशीत सांडला.

"आता खरं सांग अक्का," क्रांती टेबलावर पुढं वाकून म्हणाली. "आता तरी मनातल्या मनात त्या डुकराला बरं म्हणतियास की न्हाय?"

अक्कानं कप खाली ठेवला. आम्हाला वाटलं, चेष्टेनं काहीतरी बोलेल. पण ती खरंच खाली बघत बसली, आत कुठंतरी जाऊन एकेक कोपरा तपासत असल्यासारखी. कॅन्टीनचा पोऱ्या येऊन टेबल पुसून गेला.

"सह्या झाल्याचं बरं वाटतंय," शेवटी ती म्हणाली. "मुळांचं बरं वाटतंय. कामिलच्या गड्ड्याचं जरा जरा वाटतंय, त्यासाठी एक दिवस गोड सोडतो."

"आनि डुक्कर?"

"डुकराचं अजून कळंना," असं म्हणून तिनं कप परत उचलला. "चा पिऊन बघतो."